हॅन्सेल-ग्रेटेलचा चित्रकार्ड संच: चित्रं भारी, पुस्तिका अजून भारी, पण गोष्टीतली भूकच काढून टाकली

आमच्या गावच्या वाचनालयासाठी हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीचा (आईबापानं जंगलात सोडलेले भाऊ-बहीण, चेटकिणीचं खाऊचं घर, ती जर्मन गोष्ट) चित्रकार्डांचा संच मागवला होता, तो आता भरपूर वापरून झाला म्हणून लिहितो. गाव टिपेश्वरच्या जंगलाला लागून, पांढरकवड्यावरून आतमध्ये, अन् वाचनालय म्हंजे ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दोन कपाटं आणि एक सतरंजी, संध्याकाळी पोट्टे जमतात, कधी कधी त्यांच्यासोबत घरची म्हातारी माणसंही येऊन बसतात. अशा ठिकाणी हा संच घ्यावा का, एवढंच सांगायचं आहे. माझं उत्तर असं की घ्यावा, पण कार्डामागे जे छापलं आहे ते जसंच्या तसं वाचू नये. का ते जरा सविस्तर सांगतो कारण मला ही गोष्ट फार जवळची आहे.

आधी वस्तू कशी आहे ते. मजबूत डब्यात १६ मोठी कार्डं, समोर चित्र आणि मागे मजकूर, सांगणारा कार्ड पोरांकडे धरतो अन् मागचं वाचतो, झालं की समोरचं कार्ड काढून मागे लावतो. जपानमध्ये कामिशिबाई म्हणून हीच पद्धत आहे, सायकलवर लाकडी चौकट ठेवून गल्लीत गोष्टी सांगायचे, आणि लांब कशाला जा, आपल्याच कोकणात पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या दाखवून रामायण-महाभारत सांगत आले आहेत. म्हणून मला प्रकार आवडला. लाईट गेली तरी चालते, मोबाईल लागत नाही, टीव्ही लागत नाही. आमच्याकडे संध्याकाळी लाईटीचा भरवसा नसतो, कंदिलाच्या उजेडात ही कार्डं धरली तर जंगलाची चित्रं तर अजूनच अंगावर येतात. पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल कापलेले, पोट्ट्यांच्या हातातून फिरून सुद्धा अजून एकही कार्ड दुमडलं नाही. किंमत साडेआठशे, वाचनालयाला परवडली. पण लॅमिनेशन चकाकणारं आहे, ट्यूबलाईटखाली मागच्या रांगेतल्यांना चित्राऐवजी नुसता उजेड दिसतो, कार्ड जरा खाली वाकवून धरावं लागते. मॅट लॅमिनेशन करायला हवं होतं. ऑडिओचा क्यूआर कोडही दिला आहे, आमच्या गावात नेटवर्कचे वांधे, तालुक्याला जाऊन डाउनलोड करून आणला, आवाज बरा आहे पण माणसाने तोंडानं सांगितलेल्या गोष्टीची मजा त्यात नाही. कुरिअर गावापर्यंत येत नाही, ऑर्डर करताना तालुक्याचा पत्ता द्या.

आता खरी गोष्ट, म्हंजे पुस्तिका. डब्यात पालक-शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका आहे, ही गोष्ट कुठून कुठून आली ते सांगणारी, आणि माझ्या मते अर्धे पैसे हिच्यातच वसूल होतात. आपल्याला वाटते ग्रिम भावांनी बसून गोष्टी लिहिल्या, तसं नाही. याकोब १७८५ चा आणि विल्हेल्म १७८६ चा, जर्मनीतल्या कासेल शहरात राहून लोकांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करणारे हे दोघं. १८१० मध्ये त्यांनी गोळा केलेल्या गोष्टींचं हस्तलिखित क्लेमेन्स ब्रेन्टानो नावाच्या कवीला पाठवलं, त्याने ते काही छापलं नाही, पण त्याच्याजवळ राहिलेली ती प्रत पुढे फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या एका मठात सापडली म्हणून आज आपल्याला कळते की सुरुवातीला गोष्ट कशी होती. त्यात नाव हॅन्सेल-ग्रेटेल नाहीच, नुसतं छोटा भाऊ आणि छोटी बहीण. १८१२ साली पहिला खंड छापला तेव्हा ही गोष्ट १५ नंबरवर आली आणि पोरांना नावं मिळाली. कोणी सांगितली म्हणाल तर ग्रिमनी टिपणात जर्मनीच्या हेसे भागातल्या वेगवेगळ्या सांगण्यांवरून एवढंच लिहिलं आहे. शेजारच्या औषधवाल्याच्या पोरीचं, डोर्टचेन विल्डचं नाव यात येते, चेटकीण आतून विचारते माझं घर कोण कुरतडते, तेव्हा पोरं वारा आहे वारा म्हणून जे उत्तर देतात ती ओळ तिची. पुढे १८२५ मध्ये विल्हेल्मचं तिच्याशीच लग्न झालं. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म या गोष्टींवर हात फिरवतच राहिला, म्हंजे आपण ज्याला मूळ ग्रिम म्हणतो ते सुद्धा एक नाही, ४५ वर्षांत बदलत गेलेलं आहे.

आणि ग्रिमच्याही आधी गोष्ट होतीच. नेपल्सच्या जाम्बातिस्ता बाझिलेचा गोष्टींचा संग्रह त्याच्या मरणानंतर १६३४ ते १६३६ मध्ये छापला गेला, त्यात नेन्निलो आणि नेन्नेला हे भाऊ-बहीण आहेत. सावत्र आईच्या हट्टापायी बाप त्यांना रानात नेऊन सोडतो, पण त्याचा जीव तुटते म्हणून तो स्वतःच राखेची रेघ सोडत जातो, पोरं त्यावरून घरी येतात. दुसऱ्या वेळी कोंड्याची रेघ सोडतो आणि तो कोंडा गाढव खाऊन टाकते. हे गाढव ऐकून आमचे पोट्टे पार लोळले हसून, कारण कोंडा खाणारं जनावर त्यांच्या ओळखीचं आहे, ग्रिमच्या गोष्टीतले पाव खाणारे पक्षी तेवढे नाहीत. मग १६९७ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल पेरोची गोष्ट, लाकूडतोड्याचे सात पोरं, सगळ्यात धाकटा अंगठ्याएवढा पण सगळ्यात हुशार, खडे टाकतो, मग पावाचे तुकडे टाकतो, आणि पोचतो तो माणसं खाणाऱ्या राक्षसाच्या घरी. त्याच सुमारास फ्रान्सच्याच मादाम दोल्नुआ या लेखिकेची एक गोष्ट आहे, तीन राजकन्या, आईबापाचं राज्य गेलेलं, धाकटी फिनेट दोरा बांधत जाते, राख सांडत जाते, वाटाणे टाकत जाते आणि वाटाणे कबुतरं खातात, आणि शेवटी राक्षसाला भट्टीत ढकलते ती हीच. म्हंजे भट्टीत ढकलणारी मुलगी ग्रेटेलच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची. रशियाच्या गोष्टींतली चेटकीण बाबा यागा पोराला भट्टीत घालायला फावड्यावर बसायला सांगते, पोरगं हातपाय पसरून बसते, मावतच नाही, मग म्हणते आजी तूच दाखव कसं बसायचं. लोककथांचा अभ्यास करणारे या सगळ्यांना मिळून ३२७ असा नंबर देतात, त्यात हॅन्सेल-ग्रेटेलचा ३२७ए. आपल्या दख्खनच्याही गोष्टी मेरी फ्रिअर बाईंनी १८६८ मध्ये इंग्रजीत छापल्या, त्यातही सावत्र आईमुळे उपाशी राहणाऱ्या सात राजकन्या आहेत, आणि बाप त्यांना जंगलात सोडून येतो. हे पुस्तिकेत नाही पण असायला पाहिजे होतं, मराठी वाचकासाठी छापता तर दख्खनचा उल्लेख एका ओळीत तरी करा.

इथपर्यंत सगळं छान. आता कार्डांवर येतो आणि इथे माझं भांडण आहे.

ग्रिमच्या गोष्टीची सुरुवात कशी आहे बघा. मोठ्या जंगलाच्या तोंडाशी गरीब लाकूडतोड्या राहतो, खायला फारसं नाहीच, आणि नंतरच्या आवृत्तीत आहे की देशात भयंकर महागाई आली आणि त्याला रोजची भाकरही मिळवता येईना. रात्री तो अंथरुणात तळमळते, बायकोला म्हणते आपलं काय होणार, पोरांना काय खाऊ घालू. ती म्हणते उद्या जंगलात नेऊन सोडू. आणि पोरं भुकेनं जागी आहेत, भिंतीपलीकडून सगळं ऐकून राहिली आहेत. ग्रेटेल रडते, हॅन्सेल तिला उगी करतो, आईबाप झोपल्यावर बाहेर जाऊन चांदण्यात चमकणारे खडे वाटेवर टाकायला खिशात भरतो, म्हंजे परत यायची वाट सापडेल. सगळी गोष्ट या एका रात्रीवर उभी आहे.

या संचातल्या पहिल्या कार्डावर काय आहे, तर सुंदर झोपडी, फुलं, आणि मागे लिहिलं आहे की एका गावात हॅन्सेल आणि ग्रेटेल राहत होते, त्यांची सावत्र आई दुष्ट होती. दुसऱ्या कार्डावर ती त्यांना जंगलात स्ट्रॉबेरी आणायला पाठवते आणि ते रस्ता चुकतात. बस. भूक नाही, महागाई नाही, रात्र नाही, ऐकणं नाही. आता स्ट्रॉबेरी कुठून आली ते मला पुस्तिकेमुळेच कळलं, ती हुम्परडिंक नावाच्या संगीतकाराच्या ऑपेऱ्यातली, म्हंजे गाण्यांच्या नाटकातली आहे, २३ डिसेंबर १८९३ ला वायमारला पहिला प्रयोग झाला, रिचर्ड श्ट्राउस या संगीतकाराने वाद्यवृंद चालवला, आणि लिहिणारी हुम्परडिंकची बहीण आडेलहाइड वेट्टे. तिने आईला मऊ केलं, दुधाचं भांडं फुटलं म्हणून आई रागात पोरांना स्ट्रॉबेरी आणायला हाकलते आणि मग पस्तावते. ऑपेरा म्हणून ते चांगलंच असेल, घरच्यांसाठी केलेलं होतं ते आधी. पण या संचाच्या डब्यावर ठळक अक्षरात ‘मूळ जर्मन गोष्ट’ असं छापलं आहे. आई ग्रिमची, स्ट्रॉबेरी ऑपेऱ्याची, आणि भूक कोणाचीच नाही, अशी मिसळ करून त्याला मूळ म्हणणं बरोबर नाही.

आणि आईचं तर अजून एक आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती सावत्र नाही, सख्खी आई आहे. सावत्र केलं ते १८४० च्या चौथ्या आवृत्तीत, बहुतेक लोकांना सख्खी आई असं करते हे सहन होत नव्हतं म्हणून. पेरोच्या गोष्टीत तर सोडायचं बाप काढतो आणि आई नाही नाही म्हणते. हे सगळं पुस्तिकेत एकदोन ओळीत तरी पाहिजे होतं, कारण सांगणाऱ्याला ठरवता येते की कुठली आई सांगायची. माझ्यासमोर बसलेल्या पोरांत दोघांच्या घरी खरंच सावत्र आई आहे आणि त्या दोघी बिचाऱ्या त्यांना जीव लावून वाढवतात. पहिल्याच वाक्यात सावत्र आई दुष्ट असते म्हणून सांगायचं, मला नाही जमत. मी १८१२ ची सांगतो. आई आहे, बाप आहे, दोघंही उपाशी आहेत, आणि उपाशीपोटी माणसाच्या डोक्यात काय येऊ शकते ते सांगतो.

कोणी म्हणेल लहान पोरांना कशाला हे. मी म्हणतो त्यांना माहीतच आहे. कापसाचं गाव आहे हे. पऱ्हाटीवर बोंडअळी आली, भाव पडला, बँकेची नोटीस आली, की घरातलं बोलणं रात्रीच होते, पोरं झोपली असं समजून. पोरं झोपलेली नसतात. या भागात किती घरांतला कर्ता माणूस गेला ते मी इथं मोजत बसत नाही, यवतमाळ जिल्ह्याचं नाव त्यासाठी पेपरात किती वेळा आलं सगळ्यांना ठाऊक आहे. मी ती रात्र ग्रिमसारखी सांगितली, बाप म्हणते काय खाऊ घालू आणि पोरं पलीकडून ऐकतात, तेव्हा खोलीत एकदम चूप झालं आणि चौथीतली एक पोरगी म्हणाली, “काका, मीबी ऐकतो, पण मी झोपल्यासारखी करतो.” तिच्याकडे खडे नव्हते, पण तिला कळलं की गोष्टीतल्या पोरानं खडे गोळा केले. हे त्या स्ट्रॉबेरीच्या कार्डानं कधीच झालं नसतं. गोष्टीतली भूक पोरांना घाबरवत नाही, घरातल्या भीतीला ती पहिल्यांदा तोंड देते असं मला वाटते.

त्या दिवशी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, त्यांनी ७२ च्या दुष्काळाचं सांगितलं, सरकारनं वाटलेल्या लाल मिलोच्या, म्हंजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, त्या घशाखाली उतरत नसत तरी खायच्या. त्याच्याही मागे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ वऱ्हाडानं पाहिले आहेत. आणि जर्मनीतही काही वेगळं नव्हतं. युरोपात १३१५ ते १३१७ मोठा दुष्काळ पडला, पीक सडलं, या गोष्टीची मुळं तिथे शोधणारे अभ्यासक आहेत, थेट पुरावा कोणाजवळ नाही. पण ग्रिम भावांच्या डोळ्यासमोर झालेलं तर आहेच. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पीक गेलं, धान्य महागलं, लोकं उपाशी मेले. म्हंजे पहिली आवृत्ती आणि १८१९ ची दुसरी आवृत्ती यांच्या मधातच हे झालं. अशा माणसांनी छापलेली गोष्ट तुम्ही स्ट्रॉबेरीवर आणून ठेवता?

घराचं चित्र सगळ्यात मोठं आहे, दोन कार्डं जोडून. क्रीमचा केक, डोनट, रंगीत गोळ्या, चॉकलेटची कौलं. काढलं झकास, पोट्टे नुसते पाहत राहतात. पण ग्रिमच्या गोष्टीत घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. आधी पाव. मी हे सांगितल्यावर एकानं लगेच विचारलं, “भाकरीचं घर? त्यात काय मजा?” तर त्याच आजी म्हणाल्या, “उपाशी माणसाले आंधी भाकरच दिसते बाप्पा, साखर मंग.” मला वाटते घराबद्दल यापेक्षा बरोबर कोणी सांगू शकणार नाही. मग पोरांनी आपापली घरं बांधली, रोडग्याच्या भिंती, गाठ्यांच्या माळा, संत्रा बर्फीचं दार, गच्चीवर बुंदी. दुसऱ्या दिवशी पाटीवर काढून आणली. चित्रकाराला माझी विनंती आहे की पुढच्या वेळी एक भिंत तरी साध्या पावाची काढा.

चेटकिणीचं कार्ड. इथे मी सगळ्यांना सांगतो की जपून. कार्डावर वाकडं नाक, पोक, फाटकं लुगड्यासारखं काहीतरी, हातात काठी, गावातल्या कुठल्याही एकट्या राहणाऱ्या बुढीसारखं चित्र आहे. आमच्या विदर्भात, जंगलपट्ट्यात तर जास्तच, करणी केली म्हणून म्हाताऱ्या बाईला मारल्याच्या बातम्या येतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच झाला नाही. युरोपातही चेटकीण ठरवून मारलेल्या माणसांचा आकडा अभ्यासक ४० ते ६० हजार सांगतात आणि त्यात जर्मन भाषेचा मुलूख सगळ्यात पुढे होता. ग्रिमनी जी चेटकीण लिहिली आहे ती तशी माणसासारखी नाहीच, तिचे डोळे लाल, लांबचं दिसत नाही पण जनावरासारखा वास येते, माणूस जवळ आला की तिला आधीच कळते. मी तेच धरून सांगतो, ही जंगलातली राक्षसीण आहे, माणसाच्या कातडीतलं दुसरंच काही. आणि सांगून झाल्यावर स्पष्ट बोलतो की आपल्या गावात कोणी चेटकीण नसते, एकटी राहणारी आजी ही एकटी राहणारी आजी असते, तिच्या घरी पाणी भरून द्यायचं. पुस्तिकेत यावर एक परिच्छेद पाहिजेच होता. मराठीत, महाराष्ट्रात विकायचं असेल तर हा मुद्दा सोडून चालत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र १३ व्या कार्डावर आहे. चेटकीण भट्टीजवळ घसरते, तिचा झगा जळते, ती ओरडत जंगलात पळून जाते. ग्रेटेल बाजूला उभी राहून पाहते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. अख्ख्या गोष्टीत ग्रेटेल रडत असते, हॅन्सेल तिला धीर देत असते, खडे त्याचे, पाव त्याचा, चेटकीण त्याला जाड करून खायला पिंजऱ्यात कोंडते तेव्हा बोटाऐवजी हाडूक दाखवायची युक्तीही त्याची, अर्धवट आंधळ्या चेटकिणीला चार आठवडे वाटत राहते पोरगं जाड काहून होत नाही. आणि मग तो बंद आहे आणि ती बाहेर आहे, पाणी भरते, रांधते, भावासाठीच रांधते आणि स्वतःला खेकड्याची कवचं खायला मिळतात. चेटकीण म्हणते भट्टीत वाकून पाह्य तापली का, तर ग्रेटेल म्हणते मला जमत नाही, तूच दाखव, आणि ती वाकली की मागून जोरात ढकलते, लोखंडी दार लावते, कडी घालते. हे तिनं केलं आहे. नंतर नदीवर पूल नाही, होडी नाही, बदक येते, हॅन्सेल म्हणते चल दोघं बसू, तेव्हाही ग्रेटेलच म्हणते नाही, बदकाला ओझं होईल, एकेकानं जाऊ. रडणारी पोरगी इथपर्यंत येते, हाच तर गोष्टीचा प्रवास आहे. (ते बदक १८१२ मध्ये नव्हतं, नंतरच्या आवृत्तीत आलं, पण काय चांगलं आलं.) चेटकीण आपोआप पळाली तर पोरीनं केलं काय? हिंसा नको म्हणून काढलं असेल तर मी म्हणतो चित्रात नका दाखवू, दार लावलेलं दाखवा, पण ढकललं तिनंच हे मागे लिहा. आमच्या इथल्या पोरी ढकलल्यावर टाळ्या वाजवतात आणि वाजवू द्यायच्या.

पाचसहा वर्षांची पोरं भितात का, तर भितात थोडी. जंगल आमच्याकडे चित्रातलं नाही. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीची दहशत होती तेव्हा पोरांना वावरात सुद्धा कोणी एकटं पाठवत नव्हतं, मोहफुलं वेचायला बाया घोळक्यानं जायच्या. तेव्हा तान्ही असलेली पोरं आज माझ्यासमोर बसतात आणि त्यांनी ते सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून एकच पाळतो, गोष्ट अर्धी सोडून कोणाला घरी पाठवत नाही. वेळ कमी असेल तर सुरूच करत नाही. घरी परत आली, बाप जिवंत आहे, चेटकिणीच्या घरातून आणलेले मोती ग्रेटेलच्या ॲप्रनमधून खोलीभर घरंगळले, इथपर्यंत ऐकूनच पोरगं उठलं पाहिजे. आणि शेवटी ग्रिमची गंमत आहे, गोष्ट संपली, तो पाहा उंदीर पळाला, जो धरेल त्यानं त्याच्या कातड्याची मोठी टोपी शिवावी. आपल्या साठा उत्तराच्या कहाणीसारखंच हे गोष्ट बंद करायचं वाक्य आहे. संचात ते गाळलं, का ते देव जाणे, पोरांना तर तेच सगळ्यात आवडते, सगळे सतरंजीखाली उंदीर शोधायला लागतात.

भाषेबद्दल थोडं. मजकूर शुद्ध आहे, छापील आहे, वाचायला चांगला. पण मोठ्यानं म्हणून पाहिलं की वाक्यं अडतात, लांब आहेत. मी आपल्या वऱ्हाडीत सांगतो, हॅन्सेलचा बाप “काय खाऊ घालू लेकराईले” म्हणाला की पोरांना तो ओळखीचा वाटते. कार्डामागे अर्धी जागा रिकामी आहे, तिथे पेन्सिलीनं आपल्या बोलीतलं लिहून ठेवा, मी तसंच केलं आहे.

मार्क द्यायचे तर चित्रांना पाचपैकी साडेचार, पुस्तिकेला साडेचार, कार्डाच्या मजकुराला दोन, बांधणीला चार. शाळेतले सर-मॅडम, अंगणवाडीच्या ताई, वाचनालयवाले यांनी जरूर घ्यावा, पुस्तिका वाचून आपली गोष्ट आपण तयार करायची तयारी असेल तर. घरी एकट्या लहान पोराच्या हातात देऊन तो वाचेल असं वाटत असेल तर घेऊ नका, त्याच्या वाट्याला स्ट्रॉबेरीच येईल. प्रकाशकांना मी हे सगळं मेलवर लिहून पाठवलं आहे, पहिली दोन कार्डं आणि १३ वं कार्ड बदललं तरी पुरे, बाकी कामाला हात लावायची गरज नाही, आणि बदललेली तीन कार्डं सुटी विकली तर आम्ही परत पैसे देऊन घेऊ.

लाकडी स्टँड मात्र वेगळा घेऊ नका. साडेतीनशे मागतात, पातळ प्लायचा आहे, पंख्याच्या वाऱ्यानं हलते. गावच्या सुताराला कार्डाचं माप द्या, सागाच्या पट्ट्यांत खाच पाडून अर्ध्या दिवसात करून देते, आणि मागच्या बाजूला एक फळी ठोकायला सांगा म्हंजे कंदील ठेवता येतो.